वरखाली वाजलेला भोंगा

“अकरा वाजून चार मिनिटं! आता भोंगासुद्धा उशिरा यायला लागला, म्हणजे झालंच,” शेजारच्या शिंपीणबाई खिडकीतून कुरकुरल्या, आणि त्यांनी आपलं घड्याळ चार मिनिटं मागे केलं.

दर सोमवारी अकराला नगरपालिकेच्या गच्चीवरचा भोंगा वाजतो. वाजवतात आमचे हे. एकतीस वर्षं. आवाज दोन. वरखाली होणारा म्हणजे संकट आलं, तळघरात पळा. सरळ, सपाट म्हणजे टळलं. लोक घाबरायला नकोत म्हणून चाचणीला सपाटच वाजवायचा, असा नियम. त्यामुळे बॉम्ब, विषारी वायू, अणुभट्टी असं बातम्यांत रोज काहीतरी येणार असतं, आणि आमचं गाव दर आठवड्याला ते टळल्याचं ऐकतं.

त्या सोमवारी चष्मा सापडेना. चार मिनिटं शोधून ह्यांनी अंदाजानं बटण दाबलं. ते दुसरं निघालं.

जेवायला आले ते पांढरेफटक. “तीन मिनिटं वरखाली वाजला. एकानंही मान वर केली नाही. एकजण पळाला खरा, तर तो बससाठी!”

“माझ्या कानात गाणी होती, बाबा,” लेक ताटात बघत म्हणाली.

“आणि तू गं?” ह्यांनी मला विचारलं.

“मिक्सर चालू होता.”

ह्यांच्या तोंडावर रंग परतला. “म्हणजे लोकांना आवाज ओळखूच येत नाही! उद्या साहेबांना चूक सांगतो, नोकरी गेली तर गेली. पण शाळाशाळांतून शिकवा म्हणतो. कळलं की माणूस पळतोच. जगायचं कुणाला नसतं?”

ह्या एका वाक्याच्या जोरावर हा माणूस एकतीस वर्षं ते जिने चढला होता. मी भाजी वाढली. लेक लहान असताना तो वरखाली आवाज तोंडानं काढून ह्यांनी तिच्याकडून घोटून घेतला होता. सकाळी आम्ही दोघी ह्याच टेबलाशी वाटाणे सोलत होतो. तळघराचं दार चार पावलांवर.

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “मिक्सर पंधरा दिवस दुरुस्तीला पडलाय. तुम्हीच आणणार होतात.”

ह्यांचा घास हातातच राहिला. “म्हणजे ऐकलात? ओळखलात?”

“पहिल्या सुरालाच.”

“मग? घाबरून पाय उचलेना?”

लेकीनं माझ्याकडे पाहिलं.

“नाही हो,” मी म्हणाले. “आलं एकदाचं, असं वाटलं. आणि बरं वाटलं.”