कान बाहेर, कान आत

चौऱ्याहत्तर साली ज्वारी झकास आली आणि तिच्यामागोमाग शाळांची तपासणी आली. जिंतूर भागात तपासणी नेमकी हुरड्याच्या दिवसांतच का निघते, हे कोडं कुणी सोडवायला जात नसे. बोरीच्या अलीकडच्या एका गावात (नाव राहू द्या, तिथली माणसं अजून धडधाकट आहेत) भुजंग मास्तरांना मात्र घाम फुटला होता. नोकरी कच्ची होती. विस्तार अधिकारी जो शेरा मारतील, त्यावर कायम व्हायचं की घरी जायचं ते ठरणार होतं.

मास्तरांनी चुंबकाचा धडा तयार ठेवला होता. त्या टापूत सगळेच मास्तर तपासणीला चुंबक शिकवत, कारण साऱ्या शाळांत मिळून चुंबक एकच होता. साहेबांची जीप यायच्या आधी तो सायकलवरून पोचायचा.

प्राण्यांचा धडाही झाला होता म्हणा, पण अर्धवट. त्याचं असं झालं. सातवीत यंदा पहिल्यांदाच चार पोरी बसल्या होत्या. 'सस्तन प्राणी' या मथळ्याचं पान उघडताच हेडमास्तर दिनकररावांनी मास्तरांना व्हरांड्यात बोलावलं.

"मास्तर, हा मामला जरा बेतानं घ्या. गावानं मुश्किलीनं पोरी धाडल्यात. तुमी भलतं काही समजावून सांगाल, आन उद्या पोरी कापूस वेचायला जातील."

मास्तर मुळातच लाजाळू. त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला, पण उच्चारला नाही. अर्थाच्या जागी आजीकडून ऐकलेला एक नियम सांगून टाकला. ज्याचे कान बाहेर, त्याला पिल्लं होतात. ज्याचे कान आत, त्याची अंडी. पोरांनी दोन दिवसांत सारं गाव तपासलं. म्हैस, उंदीर, घूस, कुत्रं, सगळ्यांचे कान बाहेर. कोंबडी, पाल, साप, सगळ्यांचे आत. देवळातलं वटवाघूळसुद्धा नियमाला धरून निघालं. हा नियम पुस्तकात कसा नाही, याचं मास्तरांनाच नवल वाटू लागलं.

तपासणीच्या दिवशी साहेब आले ते डोक्याला मफलर गुंडाळून. सर्दीनं बेजार होते. सरपंच सटवाजी खुर्चीत बसले. मास्तरांनी चुंबक काढला, तशी साहेबांनी मान हलवली.

"ठेवा तो. परवा दोन शाळांत भेटलाय मला. एका बाजूचा रंग उडालाय ना? दुसरं काही घ्या." त्यांनी पुस्तक चाळलं आणि एका पानावर बोट टेकवलं. "हे घ्या."

पान तेच होतं. शब्द साहेबांनीही उच्चारला नाही, पण मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं.

साहेबांनीच पहिल्या बाकावरच्या मुंजाजीला उभं केलं. मुंजानं कानाचा नियम खणखणीत म्हणून दाखवला. साहेबांना मजा वाटली.

"असं? मग मी कशात मोडतो?"

मुंजानं त्यांना खालीवर न्याहाळलं. "सांगता यायचं न्हाई, सायेब."

"का रे?"

"कान झाकेल हायत."

दिनकररावांना ठसका लागला. साहेबांनी गंभीरपणे मफलर सोडला. दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते, पण कान बाहेर होते.

"हायत! हायत!" वर्ग ओरडला. "सायेब बसतेत त्याच्यात!"

"आभारी आहे," साहेब म्हणाले. "पण देवमाशाचे कान बाहेर नसतात, आणि तोही याच वर्गात. तो कसा? मास्तर, मुख्य लक्षण सांगा."

मास्तरांनी चार पोरींकडे पाहिलं, मग सरपंचांकडे.

"अंगावर केस, साहेब."

"आणखी?"

"रक्त गरम."

"आणखी?"

"छाती आणि पोट यांच्यामध्ये... पडदा."

"मुख्य, मास्तर, मुख्य!"

नोकरी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून चालल्याचं मास्तरांना डोळ्यांनी दिसलं. बुडत्यानं काडी धरावी तसं ते म्हणाले, "साहेबांनीच मार्गदर्शन करावं."

साहेब उभे राहिले. "मुख्य लक्षण म्हणजे... मादीला जे निसर्गतः... म्हणजे पिल्लाच्या पोषणासाठी..." आणि त्यांनी मफलर पुन्हा कानाला गुंडाळायला घेतला.

एवढ्यात शेवटच्या बाकावरून सटवाजींची नात, रुख्मिणी उठली.

"अंगावर पाजतेत, ते का सायेब? म्हैस पाजती, कुत्री पाजती. घरी माय धाकल्याला पाजायली."

दिनकररावांनी डोळे मिटले. आता साऱ्यांच्या नजरा सटवाजींवर. सटवाजींनी मिशीवरून हात फिरवला.

"मंग? येवढंच सांगायचं व्हतं? आन त्याला येवढा येळ? आमी बी पेलोच की!" मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "सायेब, त्या माशाची माय बी पाजती?"

"पाजते. पाण्यातच."

"पाण्यात!" सटवाजी कितीतरी वेळ मान हलवत राहिले. "लय अवघड हाय बिचारीचं."

त्यानंतर धडा असा पळाला की घंटा कुणाला ऐकू आली नाही. वटवाघूळ उलटं लटकून कसं पाजतं यावर सरपंच आणि मुंजा यांचं वाजलं. मास्तरांनी फळ्यावरचा शब्द आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं वाचला. पोरींनी तो वहीत उतरवला, आणि आभाळ होतं तिथंच राहिलं.

साहेबांनी शेरा लिहिला: 'शिक्षक स्वतः उत्तर न सांगता ते विद्यार्थ्यांकडून काढून घेतात. पद्धत अनुकरणीय. कायम करावे.'

मास्तरांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि खाली बसून घेतलं.

चुंबक फडक्यात गुंडाळून सायकलवरून पुढच्या शाळेकडे निघाला. बाकी मंडळी सटवाजींच्या शेतात हुरड्याला बसली. वारं झोंबत होतं, तरी साहेबांनी मफलर सोडून मांडीवर ठेवला होता. समोर मुंजा बसला होता. उगाच शंका नको.