हिलालचा ट्रक आणि काळी माती

हिलालचं पत्र येऊन महिना होत आला, तरी पितांबर मास्तरांनी उत्तर धाडलं नव्हतं. शहाद्याच्या शाळेत त्यांच्या हाताखाली गणित शिकलेला हा पोरगा आता लष्करी गाड्यांच्या कारखान्यात होता. त्यानं लिहिलं होतं, 'सर, नव्या ट्रकचे दोन नमुने आहेत. एकाची मागची चाकं पुढच्यांच्या चाकोरीतूनच जातात, दुसऱ्याची जरा बाहेरून. ट्रक बनण्याआधीच मी ते कॉम्प्युटरवर आकड्यांनी चालवून पाहिले. ओल्या काळ्या मातीत पहिला रुततो, दुसरा निघतो. साहेब हसतात. म्हणतात, वाळूत तर चाकोरी धरणाराच सोपा जातो. श्रावण संपला की बैठक आहे. तुम्ही चूक म्हणालात तर मी आकडे मागे घेईन.'

मास्तरांनी गणित पुन्हापुन्हा तपासलं. चूक सापडेना. पण ती आपल्यालाच दिसत नसली तर? आपल्या भरवशावर पोरगा तोंडघशी पडायचा.

"कागदमा चिखल कोठे दिसस?" मंगलाबाई नवऱ्यावर वैतागल्या. "ब्राह्मणपुरीले आपलं वावर शे ना? जा!"

वावरात धाकट्या भावानं, रूपचंदनं, दगड भरून दोन बैलगाड्या जुंपल्या, पण मास्तरांचं म्हणणं ऐकून तो हसतच सुटला.

"पहिली गाडीनी चाकोरीमा दुसरी घालू? दादा, चिखलमा आम्ही बाजूले नवी वाट काढतस. देखा, बैलबी हसी ऱ्हायनात तुमले!"

"हसू दे. घाल तू."

पहिली गाडी कुरकुरत पार झाली. तिच्या मागोमाग, त्याच चाकोरीत दुसरी शिरली आणि चाकांच्या आसापर्यंत रुतली. वरचा घट्ट थर पहिल्या चाकांनी फोडला होता. खाली नुसतं लोणी. दगड उतरवून ती ओढून काढली, पुन्हा भरली आणि हातभर बाजूनं हाकली. निघाली की सरळ!

"बरोबर शे!" आयुष्यात कधी आवाज न चढवलेले मास्तर भर वावरात ओरडले. "मन्हा हिलाल बरोबर शे!"

"मंग आम्हीबी बरोबर ना?" रूपचंद म्हणाला.

"तुम्हीबी!"

बांधावर बसूनच त्यांनी लिहिलं, 'चि. हिलाल, आकडे मागे घेऊ नकोस. इथल्या मातीत आम्ही गाड्या घालून पाहिल्या. हवं तर बैठकीत माझं नाव सांग.' शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं, पण त्यांनी ते तसंच ठेवलं.

श्रावण संपायला अजून अवकाश होता. तरी गुडघाभर चिखलानिशी ते तडक टपालाच्या पेटीपाशी गेले, आणि पाकीट आत पडल्याचा आवाज ऐकूनच मागे वळले.