मॉरिसच्या इंजिनाचा रंग

चाळीस वर्षं मी नव्या जालन्यात गाड्या रंगवल्या, पण रंगाचं कार्ड कधी हातात धरलं नाही. कार्ड बघून रंग काढणाऱ्याला मी पेंटर म्हणतच नाही. ट्रकचा बंपर आणा, जीपचं दार आणा, मी उन्हात एकदा धरून बघायचो आणि डब्याच्या झाकणावर चार थेंब इकडचे, दोन तिकडचे घालून तोच रंग काढायचो. लोक 'रायभान पेंटरची नजर' म्हणायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागायचं. कुणी "मामा, जरा गडद झाला का?" असं विचारलं, की मी झाकण त्याच्या हातात द्यायचो. "मंग तूच काढ." पुन्हा तो माणूस तोंड उघडत नसे.

शहाण्णव साली शिबिरात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्यातला अजून पिकला नव्हता. पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा आला आणि मी घरी येऊन समोरची चुन्याची भिंत बघितली. उजव्या डोळ्याने बघावं तर भिंत नीळ घातल्यासारखी वाटे. डाव्याने बघावं तर तीच भिंत पिवळट. आलटून पालटून डोळे झाकत मी खाटेवर बसून राहिलो. बायकोने, आसराबाईने विचारलं, "काय झालं?" मी तिच्यावरच खेकसलो. पेंटरला दोन डोळ्यांनी दोन रंग दिसतात हे बाहेर कळलं असतं तर माझ्याकडे बादलीसुद्धा रंगवायला कुणी आणली नसती.

त्याच महिन्यात धावडा गावचा बद्रीनाथ आला. त्याच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, कधीकाळी हैद्राबादहून मॉरिस गाडी आणली होती. ते गेले आणि गाडी पंधरा वर्षं गोठ्याशेजारी उभी राहिली. आता बद्रीनाथने ती दुरुस्त करायला काढली होती. त्याचं म्हणणं एकच.

"मामा, आईला गाडी जशीच्या तशी दाखवायची हाय. वडील असताना जशी व्हती, बिलकुल तशी. गाडी कुठं नेली ते तिला सांगितलंच न्हाई मी. तिलाच एकदम गाडीसमोर आणून उभी करतो."

बाहेरचा काळा रंग सोपा होता, त्यात चुकायला जागा नव्हती. अडलं ते इंजिनापाशी. मेकॅनिकने ते दुरुस्त करून टेंपोतून माझ्याकडे पाठवलं, तेव्हा त्यावर नुसता गंज आणि ग्रीसचा थर होता. रंग शोधून सापडेना. फक्त एका बाजूला शेंदराचा जाड खपला होता. दर दसऱ्याला बद्रीनाथची आई, द्वारकाबाई, इंजिन पुसून त्याला तेल-शेंदूर लावायची. गाडी बंद पडली तरी तिने नेम मोडला नव्हता. मी खरवडायच्या पत्तीने तो खपला हळूच उचलला आणि खाली आठ आण्याएवढा मूळ रंग निघाला.

मला केवढा आनंद झाला! मी इंजिन उन्हात ओढलं, डावा डोळा लावला. शेवाळी. उजवा लावला. पारवा, निळसर राखाडी. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. मला वाटलं, वर तेलाचा पापुद्रा असेल, म्हणून घोळ होतोय. बोळ्यावर थिनर घेतलं आणि घासलं. अजून जरा घासलं. बोळा उचलला तेव्हा खाली उघडं लोखंड होतं.

असली चूक शिकाऊ पोरानं केली असती तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. मी तिथेच जमिनीवर बसलो. ह्या जगात त्या इंजिनाचा मूळ रंग आता फक्त माझ्या डोक्यात होता, आणि तिथेही एक नव्हता, दोन होते.

तरी मी कामाला लागलो. एका झाकणावर उजवा डोळा झाकून डाव्याला आठवत होता तो रंग काढला, दुसऱ्यावर डावा झाकून उजव्याला आठवत होता तो. मी बरोबर असतो तर दोन्ही झाकणांवर एकच रंग यायला हवा होता. तो आला नाही. एक हिरवा झाला, दुसरा निळसर.

संध्याकाळी आसराबाईला दोन्ही झाकणं दाखवली. म्हणालो, "जुन्या इंजिनाला कोणता असंल?"

तिने झाकणांकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुम्हाला कोणता वाटतो?"

"शेवाळी."

"मंग शेवाळीच."

चाळीस वर्षं मी तिला हेच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ आला. मी मनाचा हिय्या करून सगळं सांगितलं. रंग पुसला गेला, मला एका डोळ्याने एक दिसतं, दुसऱ्याने दुसरं, तूच यातला एक निवड. बद्रीनाथ मोठ्याने हसला.

"मामा, माझी गंमत करून राह्यले का? तुम्ही म्हणाल तो रंग. मला काय कळतं त्यातलं?"

"अरे, मला दिसत न्हाई बराबर!"

"तुमचं न दिसणं आमच्या दिसण्यापरीस बरं." तो चहा सांगायला निघूनही गेला.

मला राग आला. त्याचा आला, माझाही आला. शेवटी चाळीस वर्षं ज्या डोळ्याने भाकर दिली त्या डाव्यावर भरवसा ठेवला आणि शेवाळी रंग मारला. इंजिन सुंदर दिसत होतं. ते बरोबर आहे की नाही हे मात्र मला कळायला मार्ग नव्हता.

गाडी न्यायच्या दिवशी बद्रीनाथ आईला घेऊन आला. द्वारकाबाई बारीक चणीची, सत्तरीची. गाडी बघून तिने तोंडाला पदर लावला. दारावरून हात फिरवला, काच खालीवर करून बघितली, आतल्या गादीचा वास घेतला. मग बद्रीनाथने हौसेने बॉनेट उचललं.

ती वाकून आत बघू लागली.

"बद्री, आपलं इंजिन कुठं गेलं?"

"हेच की, आई."

"हे न्हाई बाबा. आपलं पारव्या रंगाचं व्हतं."

इतक्या दिवसांत हिला विचारावं असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, बद्रीनाथच्याही नाही. इंजिनाचं बाईमाणसाला काय विचारायचं!

"आई, हा रायभानमामांनी काढलेला रंग हाय," बद्रीनाथ चिडून म्हणाला. "तुला काय कळतं?"

"त्या बराबर बोलून राह्यल्या," मी म्हणालो. "माझं चुकलं, बद्रीनाथ. गाडी ठेवून जा, मी इंजिन पुन्हा रंगवतो. फुकट रंगवतो."

"मामा, कशाला म्हातारीचं मन राखून राह्यले? तिकडं गाव वाट बघतंय, नारळ फोडायचाय." तो आईकडे वळला. "तुझ्याच डोळ्यात पडदा आलाय. ह्या खेपेला शिबिरात तुझं नाव घालतो."

द्वारकाबाईने एकदा लेकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली, हातही जोडले. "बाई, तुमचंच खरं हाय. तुम्हाला चांगलं दिसतं."

"न्हाई भाऊ," ती ओशाळून म्हणाली. "तुमची नजर कशी चुकंल? मलाच दिसंना झालं असंल. उगंच बोलून गेले."

बद्रीनाथने बॉनेट खाली घेतलं. ती मागच्या गादीवर जाऊन बसली. सेल्फ मारताच गाडी सुरू झाली. जाताजाता तिने काच खाली केली आणि माझ्या जाड भिंगाकडे बघत हळूच विचारलं, "भाऊ, लई दुखतं का हो डोळ्याच्या आपरेशनला?"

"न्हाई," मी म्हणालो. "काहीच दुखत न्हाई."