कळलावीचा कंद

लोणी गावात टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. तेवढ्या पाण्यात माणसं आणि दोन शेळ्या भागवायच्या, म्हणून साळुबाईच्या अंगणातला मोगरा आणि दोन्ही गुलाब एकाच उन्हाळ्यात वाळून गेले. भांडी विसळलेलं पाणी ती त्यांना घालत होती, पण ते पुरलं नाही.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, रस्ता रुंद करायला जेसीबी आला. ओढ्याच्या बांधावरची बोरीची जाळी त्यानं उपसली, तेव्हा मातीतून नांगराच्या आकाराचे कंद वर आले. साळुबाईनं ते लांबूनच ओळखले. कळलावी. तिच्या माहेरी बायका या वेलाला 'गौरीचे हात' म्हणत आणि भाद्रपदात त्याची फुलं गौरीपुढं ठेवत. तिनं सात-आठ कंद पदरात घेतले, घरी येऊन कुंपणाशी चार बोटं खोल पुरले आणि वर तुरकाठ्या रोवल्या.

शेजारच्या भागूबाईनं ते पाहिलं. "घराजवळ लावू नगंस ती. भांडनं लावती म्हणत्यात."

"भांडायला घरात हाय कोन? ह्यांना तर माझं नावबी ध्यानात न्हाई," साळुबाई म्हणाली.

तिचा नवरा सयाजी चौऱ्याहत्तरीचा. दोन वर्षांपासून त्याचं मन मागं मागं जात चाललं होतं. आधी तो बैलांची नावं विसरला, मग घराची वाट. मुलगा सुनील चाकणला कंपनीत होता, रविवारी यायचा. सयाजी त्याला विचारायचा, "पावणं, कुठलं गाव तुमचं?" पहिल्यांदा सुनील हसला होता. नंतर नंतर तो अंगणात गाडी लावून बराच वेळ गाडीतच बसून राहायचा.

साळुबाई सयाजीला भरवायची, धुवायची, कपडे बदलायची. दिवसातून तीन-तीन वेळा. एका दुपारी धोतर धुताना ती भागूबाईला म्हणून गेली, "सुटला तर बरं वाटंल आता. त्योबी अन् मीबी."

आषाढात वेल वर आला. पानांची टोकं बारीक आकड्यांसारखी वळून तुरकाठ्या धरू लागली. श्रावणात फुलं आली. आधी हिरवट पिवळी, मग खालून पिवळी आणि वर लालभडक, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या. त्या वर्षी पाऊस दोनदा दडी मारून बसला, रानातली बाजरी माना टाकून उभी होती, पण कळलावीला तिनं एक तांब्याही घातला नाही. सयाजी सकाळपासून फुलांसमोर बाजेवर बसायचा. तेवढा वेळ तो ओरडायचा नाही, की उठून रस्त्याला लागायचा नाही. साळुबाईला तेवढ्यात स्वयंपाक उरकता यायचा.

"तोंडात घालायचं न्हाई हे," ती रोज सांगायची. "ईख असतंय. शेळीबी शिवत न्हाई, बघा."

तो मान हलवायचा. फुलाला नुसतं बोट लावायचा.

कार्तिक संपता वेल पिवळा पडून वाळला. गावच्या शाळेत तेजस्विनीबाई म्हणून मास्तरीण होत्या, अवसरीहून यायच्या. त्यांना आपल्या अंगणात कळलावी लावायची होती. साळुबाईनं त्यांच्यासाठी एका सकाळी कंद खणले, माती झटकली आणि वाळायला म्हणून पाटीत घालून ओट्यावर सावलीत ठेवले. सयाजी आत झोपला होता. तेवढ्यात टँकर आल्याचं कुणीतरी ओरडलं. ती हंडे घेऊन निघाली. दाराला बाहेरून कडी लावायची तिची रोजची सवय. त्या दिवशी दोन्ही हात हंड्यांत गुंतले होते आणि रांग लांब होण्याआधी पोचायचं होतं.

ती परतली तेव्हा सयाजी चुलीपाशी बसला होता. राख इकडंतिकडं सांडलेली, ओठ काळे झालेले. चेहऱ्यावर पोरासारखा आनंद.

"साळे," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्यानं तिला नावानं हाक मारली होती. "मामानं करांदं आणल्यात. भाजलं मी. तुझ्यासाठी ठिवलंय बघ."

त्यानं पुढं केलेल्या हातात भाजलेला अर्धा कंद होता.

सयाजीचं आजोळ डिंभ्याकडच्या डोंगरात. लहानपणी तिथं मामाबरोबर तो रानातल्या करांद्यांचे कंद खणून, भाजून खायचा. ती गोष्ट साळुबाईनं लग्नापासून शंभर वेळा ऐकली होती.

हंडा तिच्या कमरेवरून सुटला. तिनं त्याच्या तोंडात बोटं घातली, उरलेलं ओढून काढलं आणि भागूबाईला हाका मारल्या. गावातल्या दादाभाऊनं पिकअप काढली. मंचरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सयाजी चांगला बोलत होता, बाहेरची ऊसतोड बघून खूश होत होता. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं. साळुबाईनं पदराची गाठ सोडून तो अर्धा कंद टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो बघितला आणि लगेच पुण्याला न्यायला सांगितलं.

संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. तिसऱ्या दिवशी त्याची शुद्ध गेली. चौथ्या दिवशी सकाळी गेला.

विषाचं प्रकरण म्हणून शवविच्छेदन झालं. हवालदारांनी घरी येऊन पंचनामा केला, पाटी नेली, साळुबाईचा जबाब घेतला. त्यांनी आवाज चढवला नाही. पण दहाव्याला आलेल्या बायकांत कुणीतरी म्हणालं, "ती कावलीच व्हती म्हना की," आणि भागूबाईच्या तोंडून साळुबाईचं ते 'सुटला तर बरं वाटंल' निघून गेलं. तेराव्यापर्यंत ते सुनीलच्या कानावर आलं.

पाहुणे गेल्यावर तो आईसमोर बसला.

"आई, तू असं म्हटली व्हतीस?"

"म्हटले व्हते."

"मग पाटी तिथं..."

"मुद्दाम न्हाई ठिवली," साळुबाई म्हणाली. "पन ठिवली मीच. कडी लावायची ऱ्हायली तीबी माझ्याच हातनं."

सुनीलनं मान डोलावली. त्याचा विश्वास बसला की नाही, ते तिला कळलं नाही. तिलाही स्वतःचं सगळं कळत नव्हतं. रांगेत उभी असताना कडीची आठवण आली होती का? आली असेल. आली असेल आणि पुढं दोनच हंडे राहिलेत म्हणून ती थांबली असेल. हे ती कुणालाच बोलली नाही.

सुनील तिला चाकणला घेऊन गेला. सून नूतन वागायला वाईट नव्हती. पहिल्याच दिवशी साळुबाई पीठ मळायला उठली, तेव्हा नूतन म्हणाली, "आई, तुम्ही बसा, मी करते." दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यानं साळुबाईनं नातवाला, शौर्यला, शेंगदाण्याचा लाडू करून दिला. नूतननं तो त्याच्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हणाली, जेवायच्या आधी गोड नको. जेवणानंतर लाडू कुठं दिसला नाही. पोलिसांचं पत्र आलं, अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं. सुनीलनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या सकाळी साळुबाई पिठाच्या डब्याला हात लावणार, तेवढ्यात नूतन म्हणाली, "आई, तुम्ही बसा."

फाल्गुनात ती एसटीनं एकटीच लोणीला परत आली. कुंपणाशी माती उकरलेली होती. पाटीतले कंद पोलिसांकडं गेले होते आणि मातीत राहिलेले सुनीलनं खणून जाळले होते. तिनं घर झाडलं, चूल सारवली आणि दोन भाकरी थापल्या.

भागूबाई दारात येऊन उभी राहिली. आत यायला तिला वेळ लागला.

"साळे, मी ते बोलाय नको व्हतं."

"मी म्हटलं व्हतं, तेच तू सांगितलंस."

"तरीबी." भागूबाई भिंतीला टेकून खाली बसली. "वाढ मलाबी. सकाळधरनं काय खाल्लं न्हाई."

साळुबाईनं तिच्या ताटात भाकरी आणि पिठलं वाढलं. भागूबाईनं तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडाजवळ नेला. तिथं तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं घास घेतला, चावला, गिळला आणि दुसरा तुकडा मोडला.

साळुबाईनं हात थांबलेला पाहिला होता. तिनं आपलंही ताट घेतलं आणि शेजारी बसून जेवू लागली.