नाकातलं बोलणं

"मावशी, हळू. नाही, हळूसुद्धा नको. बोलूच नका," पाळणाघराच्या मॅडम दारातूनच म्हणाल्या.

मावशींच्या एका हातात डायपर होता, दुसऱ्या हातात नऊ महिन्यांच्या बाळाचे दोन्ही पाय. या बाळाला सगळे 'साहेब' म्हणत, कारण ते कुणाकडेही कपाळाला आठ्या घालूनच बघे. आत्ता मात्र साहेब खुशीत होते. पावडरचा डबा कुठे पळाला, याची हकिगत मावशी त्यांना रंगवून सांगत होत्या.

"का हो मॅडम?"

"याच्या आईची तक्रार आहे. या वयात मुलं सगळे आवाज टिपून घेतात म्हणे. जे कानावर पडतं तेच पुढे जिभेवर बसतं. तर तुमचं बोलणं... वाईट वाटून घेऊ नका हं."

"वाटलं," मावशी म्हणाल्या आणि डायपरची पट्टी चिकटवली.

मावशींच्या टाळूला जन्मापासून फट होती. फाटलेला ओठ लहानपणी शिवला गेला, टाळूचं राहूनच गेलं. त्यामुळे प म्हणा, ट म्हणा, क म्हणा, सगळं नाकाच्या वाटेनं बाहेर पडायचं. दुकानदार दोनदा विचारत, तिसऱ्यांदा हसत. इथे त्यांचं बोलणं सरळ अक्षरांत लिहिलं आहे, कारण त्यांच्या मनात ते सरळच असे. पाळणाघरातल्या एकाही बाळानं त्यांना "काय म्हणालात?" असं कधी विचारलं नव्हतं. म्हणून या नोकरीवर त्यांचा जीव होता.

दुसऱ्या दिवशी फळीवर एक स्पीकर आला. त्यातून एक बाई धुऊन इस्त्री केल्यासारखं बोले. पहिल्या दिवशी बाळांनी माना वर केल्या. मग स्पीकर बोलत राहिला आणि बाळं आपापल्या पायाचे अंगठे चोखत राहिली. साहेब "आं?" म्हणाले, तरी ती बाई थांबत नसे. मावशी थांबायच्या, "हो का?" म्हणायच्या, मग साहेबांना आणखी चार गोष्टी सुचायच्या. आता मावशी ओठ मिटून दूध पाजत, ढेकर काढत, दुपटी बदलत. साहेब त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत.

असा आठवडा गेला. एका दुपारी साहेबांनी बाटली बाजूला ढकलली, मावशींच्या ओठांच्या कोपऱ्यात बोट घातलं आणि ड्रॉवर उघडावा तसा ओठ ओढला.

मावशींना असा राग आला की कान तापले. मॅडमचा आला, त्या आईचा आला, पण सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. त्या उठल्या आणि स्पीकरची पिन खेचून काढली.

"माफी असावी साहेब. कुलूप लावून बसले होते मूर्खासारखी."

साहेब किंचाळून हसले. आवाज ऐकून मॅडम धावत आल्या.

"स्पीकर का बंद?"

"त्याचं कुणी ऐकत नव्हतं."

"आपलं ठरलं होतं ना मावशी?"

"तुमचं ठरलं होतं. मॅडम, लहानपणी पोरं माझ्या बोलण्याची नक्कल करायची ना, तेव्हा मीच त्यांना मारायला धावायचे. ते वाकडं आहे हे मला ऐकू यायचंच. तोंड फाटकं होतं, कान धड होते. याच्या घरी आई आहे, बाप आहे, आजी आहे. हा त्यांचंच बोलणं उचलेल. माझ्याशी नुसत्या गप्पा मारतो. त्याही नकोत?"

मॅडम म्हणाल्या, "तुमचं खरंही असेल. पण आज एक आई मूल काढून नेईल, उद्या दुसरी. मी काय रिकामे पाळणे हलवू? मुकाट्यानं काम करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"मुकाट्यानं नाही जमायचं. उद्या येत नाही." मावशींनी एप्रनची गाठ घट्ट केली. "पण आज बंद होईपर्यंत मी कामावर आहे."

आणि मग त्या जे सुटल्या! चारचौघांत आयुष्यभर टाळलेले शब्द त्यांनी शोधून शोधून काढले. पोपट, कपाट, टोपी, बादली, खटपट, पकपक. एकही धड निघाला नाही. पाळण्यापाळण्यातून हात-पाय उडू लागले. मॅडमनी ऑफिसचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी साहेबांची आई आली. एरवी दिवसभराचा अहवाल मॅडम देत, मावशी आतच राहत. आज त्या बाळाला कडेवर घेऊन स्वतः दारात आल्या.

"दुपारची बाटली अर्धीच घेतली. पोट साफ झालंय. खालचा दात टोचतोय, थंड चमचा द्या चावायला."

"काय म्हणालात?" आई ओशाळून म्हणाली.

मावशींनी तेच पुन्हा सांगितलं, आवाज जराही न उतरवता. दारात बूट घालत असलेले दोन बाप थबकले. आईनं मान हलवली, बाळ घेतलं आणि घाईघाईनं पायऱ्या उतरू लागली.

"आणि पाठीवर झोपवू नका, सर्दी आहे, कुशीवर झोपतो तो!" मावशी मागून मोठ्यानं म्हणाल्या. "तोंडाजवळ तोंड नेऊन बोला त्याच्याशी, आवडतं त्याला!"

आईच्या खांद्यावरून मान वळवून मूल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. फाटक लागलं, दोघं रस्त्याला लागली, तरी मावशी दारात उभ्या राहून त्याला काही ना काही सांगतच राहिल्या.