ठकूची कळशी

चिंचवडच्या जुन्या भांड्यांच्या संग्रहालयात अडकित्ते, समया बघत सुलोचनाबाई नात मंजुषामागं चालल्या होत्या. एका काचेपाशी मात्र त्या थबकल्या. लग्नात मामानं दिलेली त्यांचीच पितळी कळशी! सासूनं खुशाल मोडीत घातली होती.

तांदळात नवं नाव लिहून नवऱ्यानं त्यांची सुलोचना केली, तेव्हापासून माहेरचं नाव उरलं ते त्या कळशीवर. त्या नावानं हाक मारणारं आता माहेरी निघोज्यातही कुणी नव्हतं.

माहिती सांगणारी मुलगी कळशीवर कोरलेली अक्षरं मोठ्यानं वाचू लागली, "चि. सौ. कां. ठकू हिस..."

"ओ!" बाईंनी अशी खणखणीत ओ दिली, की सगळं दालन वळून बघू लागलं.

"आजी, तुला कुठं बोलावलंय?" मंजुषा ओशाळली.

"मलाच की," बाई म्हणाल्या. "पोरी, पुन्ना एकदा हाक मार."