तारेची रेघ

प्रयोगशाळेत सगळे तिला धाकटी म्हणत. केसाहून कितीतरी बारीक अशी सोन्याची तार तिने द्रवरूप हेलियमच्या टाकीत सोडली होती. इतक्या गारठ्यात धातूतले इलेक्ट्रॉन लाटांसारखे वागतात. वेगवेगळ्या वाटांनी जाऊन पुन्हा एकमेकांत मिसळतात, कुठे जोर धरतात, कुठे एकमेकांना पुसून टाकतात. चुंबकाचा जोर हळूहळू वाढवला की त्यामुळे तारेचा विद्युतरोध वेडावाकडा वरखाली होतो. पडद्यावर तशी रेघ उमटली तेव्हा धाकटीला नाचावंसं वाटलं.

"हा नुसता यंत्रातल्या विजेचा गोंगाट नाही कशावरून?" सरांनी विचारलं. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. कौतुकाच्या बाबतीत त्यांचा हात कायम आखडता.

"चुंबकाचा जोर शून्यापासून वाढवत पुन्हा एक फेरी घेते. गोंगाट असेल तर रेघ बदलेल. खरी असेल तर हुबेहूब तशीच येईल."

ती बसते न बसते तोच दादाचा फोन आला. आईला दवाखान्यात नेलं होतं. अपेंडिक्स, लगेच ऑपरेशन.

धाकटीचा पाय निघेना. हेलियम संपत आलं होतं. तार एकदा गरम झाली की तिच्यातले काही अणू जागा बदलणार, इलेक्ट्रॉनच्या वाटा बदलणार आणि ही रेघ कायमची जाणार.

"तू नीघ," सर म्हणाले. "मी बसतो."

"सर, या यंत्राला हात लावून तुम्हाला किती वर्षं झाली?"

"ते विचारू नकोस. जा."

दवाखान्याच्या जिन्यात बसून ती फोनवर सांगत राहिली, "वेग कमी ठेवा. डावीकडचं बटण, सर. डावीकडचं!" पलीकडे धाडकन काहीतरी पडलं.

"स्टूल होतं," सर म्हणाले. "पुढे बोल."

तासाभराने ते म्हणाले, "हेलियम संपलं गं. अर्धीच फेरी झाली."

"आणि तेवढ्यात काय दिसतंय?"

"एकेक वळण जिथल्या तिथे आहे. रेघेवर रेघ बसतेय."

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्या आल्या आईने विचारलं, "काम टाकून आलीस?"

"माझ्या जागी सर बसलेत."

"अगं बाई! त्यांनी काही खाल्लं का?"

पुढे धाकटीने नवी तार थंड केली. तिची रेघ अगदीच निराळी निघाली, पण दोन्ही पूर्ण फेऱ्यांत सारखी. त्या दिवशी यंत्रापाशी सर आधीच येऊन बसले होते. त्यांना तिथून उठवताना तिच्या नाकी नऊ आले.